पश्चातबुद्धीचे न्यायासन



आपल्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "मला तेव्हाच वाटलं होतं." दुकान बुडाले, ठरलेले लग्न मोडले, कुणाचे आजारपण बळावले, की कुणाच्या ना कुणाच्या तोंडी ते येतेच. वाक्य साधे वाटते, पण त्यात दोन दोष लपलेले असतात. एक, ते बहुतेक वेळा खरे नसते. दुसरा, ते ज्याच्या कानांवर पडते त्याला ते गुन्हेगार ठरवते. आजच्या चिंतनात या वाक्याकडे थोडे थांबून पाहू या.

महाभारताच्या आदिपर्वात, पहिल्याच अध्यायात, धृतराष्ट्राचा विलाप आहे. युद्ध संपले आहे, शंभर पुत्र गेले आहेत. राजा संजयाला एकेक घटना सांगतो. अर्जुनाने लक्ष्यभेद करून द्रौपदीला जिंकल्याचे ऐकले, तेव्हाच मी विजयाची आशा सोडली. द्रौपदीला सभेत ओढून आणल्याचे ऐकले, तेव्हाच आशा सोडली. अशी कितीतरी "तेव्हाच" तो मोजतो. ऐकणाऱ्याला वाटावे, हा राजा पहिल्यापासून सर्व जाणून होता.

आता सभापर्व उघडावे. द्यूत चालू आहे, द्रौपदी पणाला लागली आहे. भीष्म, द्रोण, कृप यांना घाम फुटला आहे, विदुर डोके धरून बसला आहे. आणि धृतराष्ट्र? तो आनंद लपवू न शकता पुन्हा पुन्हा विचारतो आहे की, जिंकले का? ज्या दिवशी त्याने आशा सोडली असे तो नंतर म्हणतो, त्याच दिवशी तो हर्षित होता. धृतराष्ट्र खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. शोकाने भरलेल्या मनाला आपला भूतकाळच वेगळा दिसू लागला होता.

मनाच्या या खेळाचा अभ्यास आधुनिक काळात मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी केला. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वाचकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातील 1814 च्या युद्धाची माहिती दिली होती. काहींना निकाल सांगितला नाही. इतरांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल खरे म्हणून सांगितले : कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे जिंकले, कुणाला युद्ध अनिर्णित राहिले. मग सर्वांना विचारले की, निकाल ठाऊक नसता तर तुम्हाला काय संभवनीय वाटले असते? ज्याला जो निकाल सांगितला होता, तोच त्याला अधिक संभवनीय वाटला. सांगितलेल्या निकालाने आपले मत बदलले आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. आपल्या मराठीत पश्चातबुद्धी हा शब्द आहेच. ती उशिरा येते आणि आपण आधीपासून इथेच होतो असे सांगते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर विसरलो असतो. घरातून शिकलो, म्हणून विसरता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री बाबांच्या छातीत जळजळ होऊ लागली. त्यांना पित्ताचा त्रास जुनाच होता. आईने थंड दूध दिले, उशी उंच केली, ते झोपले. सकाळी दुखणे वाढले तेव्हा रुग्णालयात नेले. हृदयविकाराचा झटका होता. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी आईला म्हणालो, "रात्रीच न्यायला हवं होतं गं. मला तेव्हाच वाटत होतं." आई काही बोलली नाही. त्यानंतर तिने दुधाचा तो पेला वापरायचे सोडले, आणि ते माझ्या लक्षात येऊनही मी गप्प राहिलो. मी रोज ध्यानाला बसत होतो, सत्संगाला जात होतो, आणि मनात आईवर खटला चालवत होतो.

वर्षश्राद्धाच्या सुमारास ताईला पाठवलेले जुने फोटो फोनमध्ये शोधताना त्या रात्रीचा माझाच संदेश समोर आला. मी लिहिले होते : "बाबांना पित्त झालंय. आता झोपलेत. काळजी करू नकोस." खाली वेळ होती, रात्रीचे 11 वाजून 20 मिनिटे. मला तेव्हा काहीही वाटले नव्हते. आईला जेवढे दिसत होते, तेवढेच मला दिसत होते. फरक इतकाच की ती रात्रभर जागी होती आणि मी झोपलो होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. लेखांकन मानक 5 मध्ये आम्हाला एक भेद शिकवतात. व्यापारी 31 मार्चला अंदाज करतो की येण्यांपैकी 10,000 रुपये बुडतील. पुढच्या वर्षी प्रत्यक्षात 25,000 बुडतात. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरून अंदाज वाजवी असेल, तर जुन्या हिशेबाला चूक म्हणत नाहीत. तो अंदाजातला बदल असतो. पण बिल नोंदवायचे राहिले किंवा बेरीज चुकली, तर ती मात्र चूक. वहीला आम्ही जो न्याय देतो, तो मी आईला दिला नव्हता.

याचा अर्थ सर्वच दोष माफ असा घेऊ नये. धृतराष्ट्राला विदुराने वेळोवेळी स्पष्ट बजावले होते. त्याला कळत होते, तरी पुत्रमोहाने त्याने ऐकले नाही. ती चूकच होती. म्हणून आत्मपरीक्षणात प्रश्न असा विचारावा : त्या क्षणी मला काय ठाऊक होते, काय ठाऊक करून घेणे माझ्या हाती होते, आणि माझा हेतू काय होता? जे नंतर कळले ते या प्रश्नात मिसळू देऊ नये.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत कर्माची पाच कारणे सांगतात : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. निकाल लागल्यावर आपण या पाचांतून एकट्या कर्त्याला उचलून पिंजऱ्यात उभे करतो. फळावर आपला अधिकार नाही हे दुसऱ्या अध्यायातले वचन आपण स्वतःच्या धीरासाठी आठवतो. दुसऱ्याचा न्याय करतानाही ते आठवायला हवे.

शिकवण घ्यावी, आरोप सोडावा. आमच्या घराने शिकवण घेतली आहे : छातीत दुखले किंवा जळजळ झाली तर पित्त समजून सकाळची वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचे. ही शिकवण बाबांच्या जाण्याने मिळाली. ती आधी आमच्याजवळ नव्हती, म्हणून तिच्या आधारे त्या रात्रीचा निवाडा करता येत नाही.

या आठवड्यासाठी एक छोटी साधना सुचवतो. महत्त्वाचा निर्णय घेताना वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात : आज मला काय ठाऊक आहे आणि मला काय होईल असे वाटते. निकाल लागल्यावर ते पान उघडावे. अहंकार तिथेच थोडा खाली बसतो. आणि ज्यांच्याविषयी "मला तेव्हाच वाटलं होतं" असे आपण म्हटले असेल, अशा एका माणसाला आठवावे. तो जवळ असेल तर त्याच्याशी बोलावे.

मी तो संदेश आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे तुलाही नव्हतं वाटलं." मी म्हणालो, "नाही गं आई. कुणालाच नव्हतं वाटलं." ती बराच वेळ रडली. वर्षभरात मी तिला पहिल्यांदाच मोकळेपणी रडताना पाहिले.

आपल्या सर्वांना निर्मळ स्मृती आणि क्षमाशील बुद्धी लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.