ट्रॅक्टरची खांदशेकणी

रोहिणी नक्षत्र लागलं की समुद्रपूर, गिरड, नंदोरीकडच्या वाड्यावस्त्यांवर सकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. जुना ट्रॅक्टर सुरू होता होता बंद पडल्याचा. सेल्फ मारला, धुराचे दोन भपके निघाले, आणि पुन्हा शांत. मग कुणीतरी टाकीत काडी घालून पाहतं. टाकी एकदा कोरडी पडली की डिझेलच्या लाइनीत हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की बोल्ट कसायचा. हा बिघाड फुकटातला. बाकीचे तसे नसतात.

क्लचचंच घ्या. कापसाची भरलेली ट्रॉली ओढताना पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय असते, आणि त्यात प्लेट जळते. प्लेट तशी फार महाग नाही. पण ती बदलायची तर जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन आणि गिअर बॉक्स मधोमध सोडवून वेगळे करावे लागतात. ट्रॅक्टर असा दोन तुकड्यांत उभा असताना मिस्त्री म्हणतो, "भाऊ, उघडलंच हाय तं बेरिंगबी टाकून घ्या, सीलबी गळून रायलं." आपल्याला वाटतं, हा बिल वाढवतोय. खरं म्हणजे तो बरोबर बोलत असतो. चार महिन्यांनी तेच बेरिंग गेलं तर सगळी मजुरी पुन्हा भरावी लागेल.

जुना ट्रॅक्टर म्हणजे पांढरा हत्ती, असं आपण सहज बोलून जातो. मला ते अर्धंच पटतं. एचएमटीने हरियाणातल्या पिंजोरला 1971 मध्ये झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली. 2016 मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचं ठरवलं, तरी त्यातले काही ट्रॅक्टर अजून शेतात उभे आहेत. तेव्हा वय हे काही खरं दुखणं नव्हे. दुखणं पैशाच्या वेळेचं आहे. कापसाचा पैसा दिवाळीपासून पुढे हातात येतो. तो सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि घरातलं लग्न यांत जातो. उरलासुरला बियाण्याला. ट्रॅक्टरची आठवण येते ती थेट मृगात, आणि तेव्हा मिस्त्रीच्या दारात रांग असते. पार्ट हिंगणघाटला मिळाला नाही की नागपूर. इकडे आपली काळी जमीन कुणासाठी थांबत नाही. पाऊस पडला की चिखल, उघडीप मिळाली की वाफसा, आणि तोही मोजक्या दिवसांचा. तो निघून गेला तर होणारं नुकसान मिस्त्रीच्या बिलात कुठेच दिसत नाही. म्हणूनच ते सगळ्यांत मोठं असूनही आपण कधी मोजत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांची खांदशेकणी करतो. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-तुपाने चोळतो, उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. ट्रॅक्टरला काय देतो? दसऱ्याला झेंडूची माळ आणि बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक! त्याच बॉनेटजवळ हवेच्या फिल्टरची वाटी असते. जुन्या ट्रॅक्टरांत या वाटीत ऑइल असतं आणि इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ तिथे अडकते. उन्हाळ्यातल्या कोरड्या नांगरणीनंतर ती काढून पाहा. तळाशी काळा, चिकट गाळ बसलेला दिसेल. तो साफ केला नाही तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, लायनर आणि रिंगा घासते, निळा धूर निघू लागतो आणि इंजिनचं काम निघतं. म्हणजे जे अर्ध्या तासात आणि थोड्या ऑइलमध्ये होण्यासारखं होतं, त्याला पुढे एखाद्या पिकाचे पैसे लागतात. पूजा जरूर करावी, पण पान्हा हातात घेऊन.

एक बरी गोष्ट झाली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. त्याचा फायदा खिशापर्यंत यायचा असेल तर पक्कं बिल मागा आणि त्यावरचा कर वाचा. आणि कापूस विकल्यावर, लग्नाची यादी करायच्या आधी, मिस्त्रीला एक फोन करा. मार्चमध्ये तो निवांत असतो, घरी येऊनही पाहून जाईल.