शिवेची साक्ष

दोस्तहो, 'एथ्नोहिस्टरी' हा शब्द जड आहे, पण भिऊ नका. मानववंशशास्त्र आणि इतिहास जिथं एकमेकाला भेटतात त्या जागेला विद्यापीठातले लोक हे नाव देतात. इतिहासवाला कागद मागतो. मानववंशवाला कागद नसलेल्यांच्या दारात जाऊन बसतो, नाकं मोजतो, गाणी उतरवतो, पण साल विचारत नाही. म्हणून चांद्याच्या गोंड राजांना सनावळ्या मिळाल्या अन् गोंड रयतेला नुसत्या 'चालीरीती'. रसेल-हिरालालचं 1916 चं चार खंडी पुस्तक बघा. जाती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या. गोंड तिसऱ्या खंडात, महार चौथ्यात. एकाच पांदणीनं वावरात जाणारी माणसं, पण एका खंडात नाहीत.

त्याच्याही आधी मिशनरी हिस्लॉपनं लिंगोचं गाणं एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलं. 1866 साली टेंपलनं ते छापलं. पुस्तकावर नाव हिस्लॉपचं. परधान म्हणजे गोंडांचा भाट, बाना वाजवून त्यांच्या कुळांची कथा सांगणारा. अन् ज्यांची कथा तो सांगे ते गोंडच त्याला आपल्याहून खालचा मानत. तेव्हा तोंडी इतिहास म्हटलं की लगेच पवित्र, असं काही नाही. तोही उतरंडीतूनच खाली येतो.

बाबासाहेबांनी ही दोन्ही शास्त्रं वापरली. 1916 ला कोलंबियात जातीवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गातच. 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकांच्या मापाचेच आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की ब्राह्मण अन् अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. पुरावा तुटला तिथं तर्कानं सांधा जोडला, आणि जोडला हे प्रस्तावनेत उघड सांगितलं. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं.

आता हे सगळं आपल्याला कशाला? वनहक्क कायद्याला. 2006 च्या या कायद्यात आदिवासीला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलगावातला दलित मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. थेट 1930 पर्यंत मागं जायचं. ज्याच्या आज्याला पाटीला हात लावू दिला नाही त्याच्याकडे 1930 चा कागद मागायचा! मी कागदाच्या गिरणीत पाळी करतो. जंगलातला बांबू येतो, त्याचा लगदा होतो, लगद्याचा कागद. बांबू तोडणाऱ्याच्या घरात वावराचा चिटोरा नसतो.

पण त्याच कायद्याचा तेरावा नियम म्हणतो की दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा. विहीर, मसणवटा, देवस्थान, वंशावळ हेही पुरावे. म्हणजे सरकारच एथ्नोहिस्टरी मागतंय.

खरा प्रश्न इथं उभा राहतो. कार्यकर्ता म्हाताऱ्याच्या खाटेजवळ वही घेऊन बसतो. म्हातारा म्हणतो, "आजा कवा आला मले का माहीत बापा." कार्यकर्त्याला फॉर्म भरायचाय. त्यानं 1928 लिहावं का? हक्क तर खराच आहे.

अमेरिकेत 1946 ला रेड इंडियनांच्या जमिनीच्या दाव्यांसाठी आयोग नेमला. त्या खटल्यांच्या धामधुमीतच हे शास्त्र वाढलं. पंडित दोन्ही बाजूंनी साक्षीला उभे राहिले, काही टोळ्यांकडून, काही सरकारकडून. अन् जिंकलेल्यांना जमीन नाही, पैसे दिले.

मी म्हणतो, 1928 लिहू नये. पकडले जाऊ म्हणून नव्हे. गावगाड्यात महाराला पाणी नव्हतं, देऊळ नव्हतं, पण शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराचीच घेत. आमचा शब्द एवढ्या एका ठिकाणी गावाला मानावाच लागे. आपल्या हातानं बनावट साल घातलं तर उद्या खऱ्या म्हाताऱ्याचंही कोणी ऐकणार नाही, आणि शेजारच्या गोंडाचा दावाही त्यात बुडेल.

बाबुराव शेडमाकेला चांद्याच्या तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 ला फाशी दिलं. लोक सांगतात, दोर तुटला. तारखेच्या जागी दोर लिहू नये, अन् दोराची गोष्ट खोडूही नये. दोन्ही आपापल्या रकान्यात ठेवावं.

साल काढायची रीत आहे. म्हाताऱ्याला आकडा विचारूच नका. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा तू केवढा होतास? ढोरं वळत होतास? बाप कोणत्या वावरात होता? आजा जिता होता का? तिथून मागं सरकत जा. आठवत नाही म्हणाला तर 'आठवत नाही' असंच लिहा. म्हातारीलाही विचारा. लग्न होऊन ती कोणत्या विहिरीवर पहिल्यांदा गेली, अन् कोणत्या विहिरीवर जाऊ दिलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. शेजारच्या गोंड म्हाताऱ्याचा जबाब वेगळा घ्या, दोघांना एकत्र बसवू नका. एका जबाबावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतातच. जंगलखात्यानं बापाला केलेल्या दंडाची पावती आढ्यात कुठं खोचलेली असेल, तर ती आधी शोधा.