हळदीचे शेठ आणि विम्याची तारीख

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे एक शेठ होते. थांबणं ही त्यांची विद्या. नवी हळद सौद्याला आली की भाव पडतो. शेठ तेव्हा घ्यायचे आणि हरिपुरात उरलेल्या एखाद्या पेवात भरून ठेवायचे. बाकीच्यांनी केव्हाच गोदामं आणि कोल्ड स्टोरेज धरलं होतं, पण शेठचा जीव पेवावर. माल जमिनीखाली गेला की माणसाला तो रोज दिसत नाही, म्हणून विकायची घाई होत नाही, असं ते म्हणायचे. यात तथ्य होतं. थांबूनच त्यांनी दुकान वाढवलं होतं.

त्यांच्या दिवाणजींकडे हिशेबाबरोबर शेठच्या मोटारीचे कागदही असत. 2023 च्या मार्चमध्ये, मुदतीला तीन-साडेतीन आठवडे असताना, दिवाणजींनी एक चिठ्ठी पुढे ठेवली. जुन्या कंपनीचा आकडा 13,471 रुपये. दुसऱ्या एका कंपनीचा 12,291. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखीच धरली होती. नाहीतर ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणारे पुष्कळ.

"थर्ड पार्टीचे 3,416 सरकारनं ठरवलेत, ते कुठंही तेवढेच," दिवाणजी म्हणाले. "फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. त्यावर आपल्याला 50 टक्के सूट आहे, पाच वर्षं क्लेम नाही म्हणून. कंपनी बदलली तरी ती आपल्याबरोबर येते. आज पैसे भरले तरी नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होणार, दिवस वाया जात नाहीत."

शेठनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली. "मार्चएंड आहे. टार्गेटं पुरी करायला धावतील हे लोक. जरा उतरू दे."

मार्च संपला. कुणी धावत आलं नाही. फोन मात्र रोज दोन-तीन यायचे, आणि त्यामुळे तर शेठना वाटू लागलं की गरज समोरच्याला आहे. 10 एप्रिलच्या मध्यरात्री पॉलिसी संपली.

"शेठजी, हळद थांबून महाग होते," दिवाणजी म्हणाले, "पण विमा थांबून स्वस्त होत नाही."

"घाबरणाऱ्यानं व्यापार करू नये," शेठ म्हणाले, आणि त्याच गाडीतून हरिपूरला गेले.

मुहूर्त शोधणारे सांगलीतच असतात असं नाही. इंग्लंडात लोक मोटारविम्याचा स्वस्त दिवस हुडकतात, आणि तिथं तो मुदतीच्या तीन-चार आठवडे आधी सापडतोही. शेवटच्या दिवशी येणारं गिऱ्हाईक बेफिकीर, म्हणजे धोक्याचं, असा कंपन्यांचा हिशेब. आपल्याकडे दिवसावर एवढं अडत नाही. अडतं ते मुदत उलटू न देण्यावर आणि चार ठिकाणी विचारायला सवड ठेवण्यावर. बाकी एजंट सांगतात ते सगळे मुहूर्त त्यांच्या सोयीचे.

त्या उन्हाळ्यात शेठ भाग्यवान ठरले. बिनविम्याची गाडी कुणाला लागली नाही. लागली असती तर भरपाई खिशातून गेली असती. पोलिसानं अडवलं असतं तर दोन हजारांचा दंड होता, तोही टळला. वर हळदीनं जूननंतर अशी उसळी घेतली की यार्डातले लोक शेठना नमस्कार करून जाऊ लागले. त्या आनंदात विमा राहूनच गेला.

12 जुलैला त्यांना आठवण झाली. आता गाडी तपासल्याशिवाय कंपनी घेईना. दिवाणजींनी मोबाइल धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. नंबरप्लेट, काच, चासी नंबर, आणि मागच्या दारावर हळदीच्या पोत्यांच्या हातगाडीनं पाडलेला पोचा. तो पोचा आधीचा म्हणून नोंदला गेला, म्हणजे त्याची भरपाई नाही. मग आकडा आला: 20,551.

"हे काय?" शेठनी स्वतः फोन लावला.

"काका, मुदत संपून नव्वद दिवस झाले की नो क्लेम बोनस जातो," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमचे 9 जुलैला झाले."

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, बेटा. जुनं गिऱ्हाईक मी."

"सिस्टिम घेत नाही, काका."

शेठनी फोन ठेवला. "माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही."

"आपणही उचलीची तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून व्याज धरतो," दिवाणजी वहीतून मान वर न काढता म्हणाले.

शेठ काही बोलले नाहीत. चेकवर सही करून त्यांनी विचारलं, "सूट परत कधी मिळेल?"

"क्लेम न करता एक वर्ष गेलं की 20 टक्के. मग 25, 35, 45. पाचव्या वर्षी पुन्हा 50."

"तोवर ही गाडी तरी राहील का?"

"नाही राहिली तरी चालतं. सूट गाडीची नसते, मालकाची असते. नवी गाडी घेतली तर तिच्यावर लागते."

शेठ थोडा वेळ चेकबुकाकडे बघत राहिले. "म्हणजे ते पन्नास टक्के माझेच होते?"

"तीन दिवसांपूर्वीपर्यंत," दिवाणजी म्हणाले, आणि चेक पाकिटात घालू लागले.