रुपयाचे किती तुकडे?

भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी मागावी आणि त्याच्या हाताकडे बघत राहावं. तराजूत तो एक वजन टाकत नाही, दोन टाकतो: २०० ग्रॅमचं आणि वर ५० ग्रॅमचं. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक जे माप मागतं, नेमकं त्याच मापाचं वजन त्याच्याकडे नसतं. प्रमाणित वजनांचा क्रम १, २, ५ असा चालतो. ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम. त्यात अडीचशेला जागा नाही. गिऱ्हाईक चौथाईत मागतं, कायदा दशमानात मोजतो आणि दोघांची समजूत भाजीवाला घालतो. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला, त्यावर ०.२५० असे आकडे उमटतात. पण त्या काट्यासमोर उभं राहून 'शून्य पूर्णांक अडीचशे सहस्रांश भेंडी द्या' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या विसंगतीवर विचार करत गेलं की लक्षात येतं, माणसाला आकड्यांच्या दोन वेगळ्या सवयी आहेत. एक मोजायची आणि एक मोडायची. मोजताना तो दहाच्या टप्प्यांनी चढतो, कारण हाताला बोटं दहा. मोडताना मात्र तो निम्मं करतो. भाकरीची अर्धी होते, अर्धीची चतकोर, चतकोराची नितकोर. कापड दुमडून निम्मं करता येतं, दोरी दुमडता येते, कागद दुमडता येतो. एखादा कागद घेऊन त्याच्या घडीनं दहा सारखे भाग करून पाहा. पाच भाग करण्यातच घाम फुटतो. निम्मं करायला काहीच लागत नाही. दोन टोकं जुळली की झालं. तराजूसुद्धा मुळात निम्मं करण्याचंच यंत्र आहे. पसाभर धान्य दोन पारड्यांत सारखं वाटून घेतलं की वजनाशिवाय अर्धं हातात.

गंमत अशी, की दशमान लेखन साऱ्या जगाला ज्या भूमीनं दिलं, तिथंच या दोन सवयी शेजारीशेजारी सुखानं नांदत होत्या. भास्कराचार्यांची 'लीलावती' साधारण ११५० सालची. तिच्या आरंभीच्या भागात एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंतची स्थानं आहेत. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. आणि तिथंच नाण्यांचं कोष्टकही आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे संख्या वाढवायची तर दहानं, आणि हातातलं नाणं फोडायचं तर चारनं नि सोळानं. शून्य आणि स्थानमूल्य कोळून प्यायलेल्या गणितीलाही द्रम्माचे दहा तुकडे करावेत असं वाटलं नाही. ते अज्ञान नव्हे. दहा हा आकडा एकदाच निम्मा होतो. पाचवर गाडी अडते. सोळा चार वेळा निम्मा होतो.

आपला जुना रुपया याच घराण्यातला. १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. शेराचंही तसंच: पावशेर, त्याच्या निम्मं नवटाक, त्याच्या निम्मी छटाक, म्हणजे शेराचा सोळावा भाग. (नवटाक आणि पावशेर ही मापं पुढं वाण्याच्या दुकानातून उठली ती थेट गुत्त्यात जाऊन बसली, आणि तिथं त्यांना मेट्रिक पद्धतीनं कधी धक्का लावला नाही.) रुपया सहा वेळा निम्मा केला की पैसा येतो. मग त्या पैशाचे तीन भाग का केले असावेत? बहुधा तिघांत वाटणी करायला. १९२ ला तीननं भाग जातो. रुपयात तीन भाऊ असले तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, बाकी शून्य. जमिनीच्या जुन्या कागदांवर अशा आणे-पैंच्या हिश्श्यांच्या नोंदी दिसतात. आता तीन मित्र हॉटेलात शंभर रुपयांचं खातात आणि मोबाइलवरून ३३.३३ पाठवतात, एक पैसा कुणाच्याच वाट्याला येत नाही. अर्थात पाच भावांची पंचाईत जुन्या रुपयातही होती. १९२ भागिले ५ करताना मारवाड्यालाही कपाळाला हात लावावा लागला असता. तिथं दशमान रुपया सरस. पाचांना वीस-वीस पैसे आणि विषय संपला.

या मोडण्याच्या गणितासाठी शाळेत वेगळे पाढे होते. एक ते तीसचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. माझ्या पिढीला हे सगळं अंकलिपीच्या मागच्या पानांवर भेटलं, आणि आम्ही ते पान उलटून पुढं गेलो. पाऊणकी कशाला पाठ करायची, ०.७५ नं गुणलं की झालं की! पण एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सव्वा रुपया वारानं साडेतीन वार कापड. जुना माणूस म्हणेल: साडेतीन रुपये, अधिक त्यांचा पाव, म्हणजे १४ आणे, झाले ४ रुपये ६ आणे. पेन नाही, कागद नाही, आणि उत्तर तंतोतंत. आपण ३.५ गुणिले १.२५ करतो, उत्तर येतं ४.३७५, आणि त्या शेवटच्या अर्ध्या पैशाचं काय करायचं हे आपल्याला कुणीच शिकवलेलं नसतं. गिऱ्हाईक ४.३७ म्हणतं, दुकानदार ४.३८.

मोडतानाही दहानंच मोडा, हा विचार त्या मानानं तरुण आहे. सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञानं १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर एक छोटं पुस्तक काढलं आणि त्यात वजनं, मापं, नाणीही दशमान करावीत असं सुचवलं. रशियानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुबलचे शंभर कोपेक केले. अमेरिकेनं १७९२ साली डॉलरचे शंभर सेंट केले. फ्रेंच क्रांतिकारकांनी तर वजनमापांबरोबर घड्याळालाही हात घातला: दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं. राजाचं डोकं उडवणं त्यांना जमलं. सव्वा, साडे नि पावणेला ते हटवू शकले नाहीत. दीड-दोन वर्षांत दशमान घड्याळ गुंडाळावं लागलं.

आपल्याकडे हा बदल १ एप्रिल १९५७ रोजी आला. रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. रुपया, अधेली, पावली यांची अडचण नव्हती. १००, ५०, २५. घोळ त्याखाली होता. आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून अधिकृत कोष्टक ठरलं: एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. हे कोष्टक मला फार आवडतं. आण्याची एक अशा तीन वस्तू एकदम घेतल्या तर १९ पैसे. दुकानात तीनदा जाऊन एकेक घेतली तर १८. दर तीन फेऱ्यांमागं एक नवा पैसा नफा. चप्पल झिजेल ती वेगळी. दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर उलट: आण्याच्या सोळा वस्तू सुट्या विकल्या की रुपयाऐवजी ९६ पैसेच गल्ल्यात.

दशमान पद्धत यायलाच हवी होती, याबद्दल मला शंका नाही. मण-शेर-छटाक आणि रुपये-आणे-पै यांचा गुणाकार ज्यांनी एकदा कागदावर मांडला असेल, त्यांना ती कुणी पटवून द्यायला नको. तोंडी हिशेबाला निम्म्याची पद्धत सोयीची, लेखी हिशेबाला दहाची. आणि राज्यकारभार लेखी असतो. पण लेखी हिशेबसुद्धा जुनं सगळं पुसून टाकत नाही. पिकाची आणेवारी सोळा आण्यांवर काढायचे. आता ती पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. रेघ 'निम्म्या' पिकावरच. तोळा आता सोनाराच्या तोंडी दहा ग्रॅमचा आहे, मूळचा ११.६६ ग्रॅमचा, सोन्याचा भाव चढत गेला आणि तोळा मुकाट्यानं बारीक झाला. पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा नाणं म्हणून संपला. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा मात्र सव्वा किलोच.

आणि तो १, २, ५ चा क्रम? मला तो तहनामा वाटतो. दहाला निम्मं केलं तर पाच. पाचला निम्मं केलं तर अडीच, पण अडीच लिहायला दशांश टिंब लागतं, म्हणून दोन. दोनाचं निम्मं एक. दहाच्या राज्यात निम्म्या-निम्म्यानं उतरायची ही धडपड आहे, फक्त मध्ये एका ठिकाणी पायरी चुकलेली. आपल्या नोटा पाहा: १०, २०, ५०, १००, २०१७ पासून २००, मग ५००. दोनशेची नोट येईपर्यंत शंभराच्या वर थेट पाचशे होते, आणि ती मधली उडी किती अवघड होती हे सुट्ट्यासाठी हुज्जत घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अमेरिकेची गोष्ट तर याहून मजेदार. डॉलर जन्मापासून शंभर सेंटांचा, पण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव आधी डॉलरच्या आठव्या आणि मग सोळाव्या भागात सांगितले जात, ते २००१ पर्यंत. म्हणजे आपण आणा मोडीत काढल्यावर चाळीसहून अधिक वर्षं वॉल स्ट्रीटवर तो चालू होता. (टिंब दिसलं की दशांश, हेही खरं नाही. १९.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की वीस षटकं होतात, आणि नेट रनरेट काढताना कॅल्क्युलेटरला हे सांगायचं विसरलं की संघ भलताच पात्र ठरतो.)

दहानं मोडण्याचा विचार जिंकलाच, असं म्हणावं तर संगणक आडवा येतो. त्याला बोटं नाहीत. त्याच्याकडे आहे आणि नाही, एवढंच. त्यामुळं त्याची स्मृती दोनाच्या पटीत चालते: १६, ३२, ६४, १२८, २५६. ज्या देशानं ६४ पैशांचा रुपया टाकून दिला, तिथं ६४ जीबीचा मोबाइल पोरांच्या हातात आला आणि कुणालाही तो आकडा विचित्र वाटला नाही. पण भांडण इथंही आहेच. स्मृती विकणारा कारखानदार हजारानं मोजतो, आणि विंडोज १०२४ नं, म्हणजे दोनला दहा वेळा मांडून आलेल्या गुणाकारानं. म्हणून ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह संगणकाला लावला की पडद्यावर ५९.६ दिसतात. गिऱ्हाईक तावातावानं दुकानात परत जातं, साडेचार कमी भरले म्हणून. दुकानदार काउंटरवरचा दुसरा पेनड्राइव्ह लावून दाखवतो. त्यातही ५९.६ च असतात.