पेटीत न भरलेले

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला सामान बांधणे शिकवावे लागत नाही. बदलीचा हुकूम आला की पाटा-वरवंटा गोणपाटात, काचसामान जुन्या लुगड्यांत, देव तांदळाच्या डब्यात आणि पुस्तके सर्वांत खाली, हा क्रम आमच्या घरी न बोलता पाळला जाई. वाचकांपैकी बहुतेकांचा अनुभव याहून निराळा नसावा. परंतु गेल्या हिवाळ्यात, बदलीसाठी नव्हे तर केवळ हवापालटासाठी, अंदमानला जाण्याचे ठरले आणि उघड्या पेटीपुढे मी अडून बसलो.

विमानात माणशी पंधरा किलो. सौभाग्यवतींनी मेतकूट, भाजणी, सुंठ, छत्र्या आणि दोन चादरी काढून ठेवल्या. "अहो, बेटावर काय मिळेल, काय नाही!" हे त्यांचे म्हणणे. नातीची मागणी उलट दिशेची: येताना शंख आणि पोवळे. पोवळी आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेले आहेत, हे तिला समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. काय आणू नये हे कायद्याने असे ठरवून टाकले होते; काय न्यावे, हा प्रश्न मात्र माझ्यापुरता उरला.

अंदमान म्हटले की मराठी मनाला आधी कारागृहच दिसते. १९११ च्या जुलैत सावरकर तेथे उतरले, त्यानंतर त्यांच्या गळ्यात जो बिल्ला आला त्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०. ती कोठडी पाहावयास निघालेल्याने भाजणीची काळजी करावी, याची लाज वाटणे स्वाभाविक आहे. पण ती लाज स्वस्त आहे. मी दोन चादरी घरी ठेवल्याने कोणाचे भोगलेले दुःख हलके होत नाही. मला अडवले ते निराळ्याच गोष्टीने.

१८५८ मध्ये इंग्रजांनी तेथे बंदिवानांची वसाहत केली. १८६३ मध्ये मूळ रहिवाशांसाठी 'अंदमान होम' काढले. त्यात धाक होता तशी दयाबुद्धीही होती. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. एके काळी काही हजार असलेले ग्रेट अंदमानी आज पन्नासाच्या आसपास उरले आहेत, आणि अका-बो ही त्यांच्यातील एक भाषा बोलणारी शेवटची वृद्धा, बोआ सीनियर, २०१० मध्ये वारली. गोवर कोणी पेटीत भरून नेला नव्हता.

गोवर हा शब्द मला सहजपणे वाचता येत नाही. १९७९ मध्ये माझी एका लहानशा डोंगराळ ठाण्यावर बदली झाली. निघण्याच्या आदल्या रात्री थोरल्याला कणकण होती. रुजू होण्याची मुदत संपत आली होती. बांधाबांधीची दगदग, असे मी ठरवून टाकले. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पुरळ उठले. महिन्याभरात चपराशाची धाकटी मुलगी गेली. चार दिवसांनी तो कामावर आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या मुलाच्या प्रकृतीचा. गोवर आमच्याच घरातून गेला की गावात आधीच होता, हे कोणी तपासले नाही. मीही नाही.

फौजदारी कायदा बहुधा हेतू विचारतो. हेतू नाही, तर गुन्हा नाही. फाइल बंद करावयास तेवढे पुरते. मनुस्मृतीत मात्र गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तेथे नकळत जीव मरतात. स्मृतिकार गृहस्थाला निर्दोष म्हणत नाही आणि घर सोड असेही सांगत नाही. तो त्याच्यामागे रोजचे पंचमहायज्ञ लावून देतो. तरुणपणी मला हे निव्वळ कर्मकांड वाटे. पुढे वाटू लागले की अपराधाच्या नावाने न येणारेही एक देणे असते, आणि ते एकदाच फेडून मोकळे होता येत नाही.

पण या विचारात मी स्वतःसाठी सोयीची पळवाट शोधत नाही ना? उखळाखालची मुंगी अटळ असते. ती कणकण तशी नव्हती. थर्मामीटर पुस्तकांच्या पेटीत तळाशी बांधला गेला होता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. दोरी सोडावयास दहा मिनिटे लागली असती.

मग बेटावर जाऊच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण तेथेही लाखो माणसे नांदतात, त्यांच्यापैकी अनेकांचे पोट येणाऱ्या-जाणाऱ्यावर चालते, आणि तिकिटे परत केल्याने १९७९ परत येत नाही. त्याच वेळी हेही खरे की २०२० च्या ऑगस्टमध्ये करोना त्या पन्नास जणांपर्यंतही पोहोचला, आणि तोही कोणी मुद्दाम नेला नव्हता.

निघण्याच्या रात्री मी थर्मामीटर पेटीत सर्वांत वर ठेवू लागलो, तेव्हा सौभाग्यवती हसल्या. मी आधी स्वतःचा ताप पाहिला, मग त्यांचा. माझा अठ्ठ्याण्णव. त्यांचा नव्याण्णवाच्या दोन रेघा वर. "अहो, दिवसभर चुलीपाशी होते मी," त्या म्हणाल्या. विमान पहाटेचे होते. मी पारा झटकून खाली उतरवला आणि थर्मामीटर पुन्हा त्यांच्या हाती दिला.