दुसऱ्याचं ड्रॉइंग

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चाकणहून निगडीला येताना आमची बस तळवड्यात हमखास अडकते. तेवढ्या वेळात मी एखादा पोकेमॉन पकडतो. गेमचं नाव ‘पोकेमॉन युरेनियम’. तो निन्टेंडोचा नाही, चाहत्यांचा आहे. दोघांनी नऊ वर्षं खपून बनवला, दीडशेहून जास्त नवे प्राणी स्वतः रचले आणि ऑगस्ट २०१६मध्ये फुकट देऊन टाकला. काही दिवसांत १५ लाखांवर डाउनलोड झाले. मग निन्टेंडोच्या वकिलांच्या नोटिसा निघाल्या आणि बनवणाऱ्यांनी लिंक काढून टाकल्या. तरी गेम हातोहाती फिरत राहिला. माझ्याकडे तो रूम पार्टनरच्या पेनड्राइव्हमधून आला.

मग मी खेळतो ती चोरी आहे का?

मी क्वालिटीत आहे. रोज माझ्यासमोर ग्राहक कंपनीचं ड्रॉइंग असतं. परवानगीशिवाय नक्कल करू नये, असं त्यावर छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून कुणी भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तोच पार्ट बनवून घेतला, तर मी त्याला सरळ चोर म्हणेन.

पण गेल्या वर्षी मीच एका फिक्स्चरला छोटी पिन लावायला सुचवलं. ब्रॅकेट उलटं बसणं बंद झालं. फिक्स्चर माझं नव्हतं, तरी कायझेनचं सर्टिफिकेट मिळालं, वर स्टीलचा डबा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्याबद्दल टाळ्या! फरक एवढाच की मी फॉर्म भरला होता, त्यावर साहेबांची सही होती.

म्हणजे सगळं सहीवर येतं का? पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी स्वतः आधी चाहतेच. १९८३मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचं हाताने लिहिलेलं मासिक काढलं, दुसऱ्यांच्या गेमवर. त्याच नावाची पुढे कंपनी झाली आणि १९९६मध्ये पोकेमॉन आला. आजचा मालक कालचा चाहता असतो. पण म्हणून मालकाचा नकाराचा हक्क जात नाही. दुसऱ्याच्या गेमवर लिहिणं वेगळं, त्याचं नाव लावून नवा गेम काढणं वेगळं. युरेनियमवाल्यांचे प्राणी त्यांचे होते, नाव त्यांचं नव्हतं. हे मान्य केल्याने त्यांची नऊ वर्षं खोटी ठरत नाहीत.

मागच्या महिन्यात एक मोबाइल दुकानदार म्हणाला, “कार्डात भरून दे. पन्नासला विकू, अर्धे तुझे.” मी नाही म्हटलं. तो हसला. “स्वतः फुकट खेळतोस की!”

ते वाक्य बसमध्येही डोक्यातून जाईना. खरंच, फुकट खेळतो म्हणून मी साव ठरत नाही. नाव ज्याचं, त्याची परवानगी मला नाहीच. पण विकला असता, तर निन्टेंडोसोबत त्या दोघांनाही लुटलं असतं. त्यांनी जे फुकट दिलं, त्याची किंमत लावणारा मी कोण?

परवा लाइनवरच्या नव्या ट्रेनी पोराने गेम मागितला. देऊ की नको, बराच वेळ ठरेना. शेवटी दिला. पण आधी त्याला सांगितलं, कुणी बनवला, नाव कुणाचं आणि लिंक का निघाली.

तो म्हणाला, “दादा, एवढं कशाला? गेमच तर आहे.”

“ब्रॅकेटही ब्रॅकेटच असतं,” मी म्हटलं.