टाकी चौकटीत राहू द्या

‘शुभ सकाळ’च्या संदेशांत सूर्य नेहमी एखाद्या तळ्यावर उगवतो. तळं कुठलं, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं आणि पाहणाऱ्यालाही त्याचं काही देणंघेणं नसतं. अलीकडे त्यात घरच्या गच्चीवरून, गॅलरीतून टिपलेल्या पहाटेच्या आकाशांची भर पडली आहे. ही भर मला मनापासून आवडते. पण टिपणाऱ्यांची एक खोड आवडत नाही. शेजारच्या सोसायटीची काळी टाकी, केबलच्या वायरी, डिशच्या छत्र्या फोटोत येऊ नयेत म्हणून ही मंडळी कठड्यावरून जीव धोक्यात घालून वाकतात. एवढं करून एखादी वायर राहिलीच, तर ती नंतर बोटाने पुसून टाकतात. मग उरतं ते पुन्हा कुठलंच नसलेलं आकाश. घरातून काढलेल्या आकाशात घर दिसलंच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

छायाचित्रणाची सुरुवातच मुळी घराच्या खिडकीतून झाली. कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आजवर टिकलेलं सर्वांत जुनं चित्र निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून घेतलं. त्यात छपरं आहेत, कबुतरखाना आहे, आणि मधे फिकट आकाशाचा तुकडा. त्यानंतर कित्येक वर्षं आकाश हीच कॅमेऱ्याची दुखरी जागा होती. फोटो उमटवायच्या तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील असत, की जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक पडे. छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रेने १८५०च्या दशकात यावर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची वेगळी, आणि छापताना दोन्हींची जोड. एकच ढग त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर वापरल्याचंही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्याला मी दोष देणार नाही. त्याची काचच अपुरी होती. २०२०मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश एका क्लिकसरशी बदलून देण्याची सोय आली, तिला मात्र ही सबब नाही.

पहाट रंगते कशामुळे हे पाहिलं, की ते आकाश दुसरीकडून का आणू नये हे कळतं. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या प्रकाशापेक्षा सुमारे ३८ पट हवा पार करून येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबूस उरतो. तो झेलायला वर मध्यम किंवा उंच ढग हवेत, आणि दूर पूर्वेला, आपल्या क्षितिजाच्याही पलीकडे, तो आत यायला मोकळी फट हवी. प्रदूषणामुळे सूर्योदय अधिक रंगतो असं सर्रास म्हटलं जातं; घडतं त्याच्या उलट. खालच्या थरातली धूळ आणि धूर रंग मळवतात. थंडीत मुंबईचा सूर्य धुरक्यातून तांब्याच्या चकतीसारखा वर येतो आणि भोवतालचं आकाश मातकटच राहतं. पाऊस नुकताच हवा धुऊन गेलेला असला, की आश्विनातल्या एखाद्या सकाळी तेच आकाश पेटतं. शिवाय यातलं बरंचसं सूर्योदयाच्या आधीच घडतं. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर असल्यापासून तो डोकावेपर्यंत मुंबईला जेमतेम २२ ते २४ मिनिटं मिळतात. जूनमधल्या लंडनला याच्या जवळपास दुप्पट. आपण चहाचा कप घेऊन गॅलरीत येतो तेव्हा सारं आटोपलेलं असतं.

आता टाकीकडे येऊ. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य उगवण्याची जागा जून ते डिसेंबर या काळात सुमारे ५० अंश सरकते. फोनचा साधा कॅमेरा आडवा धरला, तर त्यात सुमारे ७० अंश मावतात. म्हणजे पूर्वेची खिडकी असलेल्या माणसाला जागा न बदलता वर्षभराचा सूर्य एकाच चौकटीत मिळू शकतो. फक्त तो किती सरकला हे कळायला एखादी न हलणारी खूण लागते, आणि ती काळी टाकी नेमकं तेच काम करते. उन्हाळ्यात सूर्य तिच्या डावीकडून येतो, थंडीत उजवीकडून. उत्तरायण संक्रांतीला नव्हे, तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, हे पंचांगाच्या वादात न पडता दिसतं: संक्रांतीपर्यंत सूर्य चांगला चार सूर्यबिंबांइतका उत्तरेकडे गेलेला असतो. गंमत म्हणजे मुंबईतला वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय मात्र संक्रांतीच्याच आसपास, सव्वासातच्या सुमारास होतो.

जपानी भौतिकशास्त्रज्ञ मासानाओ आबे यांनी फुजी पर्वताभोवतीचे ढग समोर उभारलेल्या वेधशाळेतून वर्षानुवर्षं टिपले. ढग रोज नवे, फुजी तोच. म्हणून ती चित्रं अभ्यासाच्या कामी आली. सगळ्यांच्या नशिबी फुजी नसतो, टाकीवर भागवता येतं.

याविरुद्ध अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झचं नाव घेतलं जाईल, आणि तो आक्षेप वजनदार आहे. १९२२पासून त्याने लेक जॉर्ज इथल्या कौटुंबिक घरी राहून ढगांचे फोटो काढायला घेतले. पुढे या मालिकेला ‘इक्विव्हॅलंट्स’ हे नाव मिळालं. बहुतेकांत जमीन नाहीच. काही फोटो कोणत्या बाजूने धरायचे, हाही प्रश्न पडतो. पण त्याला आकाश दाखवायचंच नव्हतं, स्वतःची मनःस्थिती दाखवायची होती. ज्यांना तेच हवं आहे त्यांनी वायरी खुशाल चौकटीबाहेर ठेवाव्यात (पुसू नयेत, एवढंच). बाकीच्यांना सांगायचं असतं, की आज पहाटे आमच्या दारात काय झालं पाहा. ते आमच्याच दारात झालं, याला टाकीशिवाय पुरावा नाही.

साक्ष खरी हवी, तर फोनवरही लक्ष ठेवावं लागतं. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झालं, तेव्हा अनेकांच्या फोनने ते राखाडी करून दाखवलं. रंग आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेला इतका नारिंगी रंग ही चूकच वाटली. आपल्याकडची पहाटेची लाली फोटोत फिकी पडते, तीही बऱ्याचदा यामुळे. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करावा, एक्स्पोजर थोडं खाली ओढावं, याहून जास्त तंत्राची गरज नाही.

खरी अडचण आहे ती पूर्व शिल्लक राहण्याची. बैठ्या घराच्या अंगणात जे आकाश आपसूक मिळायचं, ते आता कितवा मजला यावर ठरतं, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२चा कायदा २० वर्षं निर्वेध मिळत आलेल्या उजेडाला आणि वाऱ्याला संरक्षण देतो. सूर्योदयाच्या देखाव्याचं नाव त्यात नाही. समोर टॉवर चढू लागला, की पूर्व एकेका मजल्याने बंद होत जाते. क्रेन आणि परांची चौकटीत राहू देणाऱ्याच्या फोटोंत त्याची तारीखवार नोंद उतरते. पुसणाऱ्याकडे एवढंच उरतं, की अमुक दिवसापासून फोटो काढणं थांबलं. पुनर्विकासाच्या सभांत चटईक्षेत्रावर आणि पार्किंगवर तासन्‌तास भांडणं चालतात. तिथे कुणी अशा फोटोंची चळत घेऊन बसलं, तर इमारत थोडी बाजूला सरकवता येईल का, हा प्रश्न निदान इतिवृत्तात तरी नोंदला जाईल.